लायनफिशच्या तोंडाचे माप

माझ्या टाकीतील सफाई कोळंबी दर काही आठवड्यांनी रात्री केव्हातरी कात टाकते. सकाळी दिवे लागण्याआधी मी काचेजवळ गेले की खडकाच्या पायथ्याशी ती कात पडलेली दिसते. ती पारदर्शक असते, मिशांपासून शेपटीपर्यंत अखंड असते, आणि प्रथम पाहणाऱ्याला कोळंबी मेली असेच वाटावे इतकी हुबेहूब असते. ती दिसली की माझ्या दिवसाचे वेळापत्रक बदलते. नवे कवच टणक होईपर्यंतचा एक-दीड दिवस ती कोळंबी मऊ आणि जवळजवळ असहाय असते, कपारीत खोलवर दडून बसते. आणि त्याच खडकाच्या दुसऱ्या बाजूला, छपरासारख्या पुढे आलेल्या दगडाखाली, उलटा लटकून राहणारा माझा बुटका लायनफिश (विषारी काट्यांचा एक शिकारी सागरी मासा) संध्याकाळची वाट पाहत असतो. त्या दिवशी त्याला अंधार पडण्याआधी पोटभर खाऊ घालणे हे माझे पहिले काम असते.

शिकारी मासा आणि अपृष्ठवंशीय जीव एकाच रीफ टाकीत, म्हणजे प्रवाळ वाढवण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, ठेवता येतात का, या प्रश्नाचे उत्तर मला कोणी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर मागितले तर मी देऊ शकत नाही. येतात, पण त्यासाठी त्या विशिष्ट माशाचे तोंड, त्याची शिकारीची रीत आणि त्याच्या पोटातून पाण्यात उतरणारा कचरा या तिन्हींचा हिशेब आधी मांडावा लागतो. छंदातील मंडळी ‘रीफ सेफ’ हा शब्द फार सैलपणे वापरतात. लायनफिशला ‘रीफ सेफ’ म्हणतात तेव्हा त्याचा खरा अर्थ एवढाच असतो की तो प्रवाळ कुरतडत नाही. प्रवाळांच्या आधाराने राहणाऱ्या कोळंब्या, खेकडे आणि लहान मासे यांच्याविषयी तो शब्द काहीच सांगत नाही, आणि नवा माणूस फसतो तो नेमका तिथे.

माझा मासा डेंड्रोकायरस ब्रॅकिप्टेरस या जातीचा आहे. सर्वांच्या ओळखीचा, लांबलचक पर पसरून संथपणे पोहणारा मोठा लायनफिश 30 सेंटिमीटरहून अधिक वाढतो आणि घरगुती रीफ टाकीत त्याला ठेवणे मला योग्य वाटत नाही. ही बुटकी जात निसर्गातही फार तर 17 सेंटिमीटरपर्यंत जाते, दिवसाचा बराच वेळ एका जागी बसून किंवा लटकून काढते, आणि सुमारे 250 लिटरच्या टाकीत तिला अवघडल्यासारखे होत नाही. मात्र आकाराने लहान असल्यामुळे तिच्याकडून धोका कमी, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. बुटक्या लायनफिशचा नैसर्गिक आहारच मुळी लहान कवचधारी प्राण्यांचा, म्हणजे कोळंब्या आणि खेकड्यांचा असतो. मोठ्या भावंडांपेक्षा कोळंबीवर त्याचाच डोळा अधिक असतो.

लायनफिश चावत नाही, तो गिळतो. भक्ष्य दिसले की तो छातीचे रुंद पर पंख्यासारखे उघडतो, त्याला कोपऱ्यात कोंडत अतिशय धिम्या गतीने पुढे सरकतो, आणि पुरेसे जवळ आल्यावर जबडा पुढे फेकून तोंडाची पोकळी एकदम फुगवतो. त्यासरशी पाण्यासकट भक्ष्य आत ओढले जाते. पापणी लवते न लवते तोच सगळे संपलेले असते. या रीतीचा अर्थ असा की त्याच्यापुढे प्रश्न एकच असतो: समोरचा जीव सबंध तोंडात मावतो की नाही. त्याचे तोंड बंद असताना लहान वाटते, पण उघडले की जवळजवळ डोक्याच्या रुंदीएवढे होते. म्हणून जीव निवडताना माशाच्या लांबीपेक्षा त्याच्या उघडलेल्या जबड्याचे माप डोळ्यांपुढे ठेवावे.

याउलट ट्रिगरफिश, पफरफिश आणि रास (wrasse) कुळातील मोठे मासे फोडून खातात. ट्रिगरचे दात आणि पफरची चोच शंख, खेकडे, अर्चिन यांची कवचे भेदण्यासाठीच घडलेली आहेत, त्यामुळे तिथे जीव आकाराने मोठा असून भागत नाही. स्नोफ्लेक मोरे ईल दिसायला सापासारखी असली तरी तिचे दात बोथट, चिरडणारे असतात आणि खेकडे हे तिचे आवडते अन्न आहे. शंखांना मात्र ती सहसा त्रास देत नाही. हॉकफिश आकाराने चिमुकला, पण खडकावर बसून टेहळणी करणारा पक्का शिकारी, आणि लहान कोळंब्या त्याच्यासमोर टिकत नाहीत. ‘शिकारी मासा’ या एका नावाखाली इतक्या निरनिराळ्या रीती दडलेल्या असताना एकाचा अनुभव दुसऱ्याला लावणे धोक्याचे आहे.

गिळणाऱ्या माशाबरोबर शंखवर्गीय प्राणी सर्वांत निर्धास्त राहतात. ट्रोकस आणि टर्बो हे शैवाल खरवडणारे शंख, तसेच वाळूत गाडून राहणारे आणि अन्नाचा वास आला की सोंडेसारखी नळी वर काढून धावत सुटणारे नासेरियस शंख माझ्या टाकीत सुरुवातीपासून आहेत. त्यांच्याकडे लायनफिशने कधी वळूनही पाहिलेले नाही. शिकारी माशाच्या टाकीत नासेरियसचे मोल फार मोठे आहे, कारण त्याच्या तोंडातून निसटलेला मांसाचा तुकडा ते कुजण्याआधी शोधून काढतात. ब्रिटल स्टार, समुद्री अर्चिन, नळीत राहणारे पंखकृमी आणि ट्रायडॅक्ना शिंपले यांनाही त्याच्यापासून धोका नाही. शंखात राहणारे हर्मिट खेकडे बहुतांशी सुरक्षित असतात. ते शंख बदलतात तेवढे काही क्षण त्यांचे मऊ पोट उघडे पडते आणि अगदी लहान खेकडा त्या वेळी गिळला जाऊ शकतो. म्हणून मी थोडे मोठे खेकडे निवडते आणि वाळूवर निरनिराळ्या मापांचे रिकामे शंख ठेवते, म्हणजे बदलासाठी त्यांना उघड्यावर फार भटकावे लागत नाही.

उरल्या कोळंब्या, आणि माझे सगळे शिक्षण त्यांच्यावरच झाले.

पहिल्या वर्षी टाकीत आयप्टेशिया नावाची उपद्रवी समुद्रफुले वाढली. ती खाणाऱ्या पेपरमिंट कोळंब्या हा त्यावरचा जाणता उपाय. मी चार आणल्या, दिवे मालवून, हळूहळू पाण्याची सवय करून, काळजीपूर्वक सोडल्या. त्या जेमतेम चार सेंटिमीटरच्या होत्या आणि निशाचर होत्या, म्हणजे लायनफिश शिकारीला निघतो त्याच वेळी त्याही बाहेर पडत. एका आठवड्यात चारही नाहीशा झाल्या. त्या खडकात लपल्या असतील असे मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. पण माशाने चिमट्यातले अन्न त्या आठवड्यात नाकारले होते आणि त्याचे पोट गोल दिसत होते, हे दोन पुरावे माझ्या डोळ्यांसमोर होते. त्या चार जिवांचा मृत्यू टाळता आला असता, याची खंत मला आजही आहे. माशाचा त्यात काही दोष नव्हता.

सफाई कोळंबी, म्हणजे लिस्माटा अँबॉयनेन्सिस, पाठीवर तांबडा पट्टा आणि त्याच्या मधोमध पांढरी रेघ मिरवणारी, हिच्याबाबत गोष्ट थोडी वेगळी आहे. ती सहा सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि शिवाय तिचा धंदाच मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी व मृत त्वचा टिपण्याचा आहे. प्रवाळभित्तीवर ती ठरावीक जागी उभी राहून पांढऱ्या मिशा हलवते आणि मासे तिच्याकडे येऊन स्थिर उभे राहतात. हा संकेत अनेक शिकारी मासे ओळखतात. तरीही त्या संकेतावर सगळा भार टाकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्ण वाढलेली, सफाईचा संकेत देणारी, दिवसा उघड्यावर उभी असलेली कोळंबी एक. आणि कात टाकून मऊ पडलेली, मिशा आवरून रात्री घाईने जागा बदलणारी तीच कोळंबी, माशाच्या दृष्टीने निराळा प्राणी असतो.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी क्रम उलटा केला. लायनफिशला काही काळ दुसऱ्या टाकीत हलवले आणि दोन सफाई कोळंब्या आधी मुख्य टाकीत सोडल्या. त्यांना पाच महिने वाढू दिले, त्यांच्या जागा ठरू दिल्या. खडकांची मांडणी नव्याने केली आणि माशाचे डोके शिरणार नाही अशा अरुंद, दोन्ही बाजूंनी उघड्या कपारी मुद्दाम ठेवल्या, कारण एकाच तोंडाची गुहा हा कोळंबीसाठी सापळा असतो. त्यानंतर मासा परत आणला आणि पहिले दहा-बारा दिवस त्याला नेहमीपेक्षा अधिक वेळा, पण थोडे-थोडे खाऊ घातले. त्या दोन कोळंब्यांपैकी एक आज तीन वर्षांनीही आहे. दुसरी दीड वर्षाने एका रात्री नाहीशी झाली. त्या दिवशी सकाळी कात दिसली होती आणि मी घरी नसल्यामुळे माशाचे जेवण चुकले होते. योगायोगही असू शकेल, परंतु तेव्हापासून कात दिसली की मासा उपाशी राहणार नाही ही व्यवस्था मी कधी मोडलेली नाही.

आहाराविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण शिकारी माशाचे आरोग्य आणि इतर जिवांची सुरक्षितता ही दोन्ही त्यावर टेकलेली आहेत. नवा लायनफिश बहुधा हलत्या भक्ष्यालाच ओळखतो आणि गोठवलेल्या तुकड्याकडे ढुंकूनही पाहत नाही. अशा वेळी काही जण सोनमासे किंवा गप्पी सोडतात. ही सवय अत्यंत घातक आहे. सोनमाशांच्या मांसात थायामिनेज हे विकर असते. ते ब-1 जीवनसत्त्व नष्ट करते, आणि महिनोन्‌महिने तोच आहार मिळाला तर मासा अशक्त होत जातो. शिवाय गोड्या पाण्यातील माशांच्या चरबीची घडण सागरी शिकाऱ्याला मानवणारी नसते. मी सुरुवातीचे तीन आठवडे लहान जिवंत घोस्ट कोळंब्या दिल्या. मग त्यांच्याच आकाराचा वितळवलेला कोळंबीचा तुकडा लांब चिमट्यात धरून प्रवाहात हलवू लागले. पहिले कित्येक दिवस त्याने तुकडा तोंडात घेऊन थुंकला. नवव्या दिवशी गिळला. त्यानंतर आठवड्याभरात तो चिमटा पाहूनच पुढे येऊ लागला.

इथे एक अडचण आहे, आणि ती मला बराच काळ कळली नव्हती. सुरुवातीला जिवंत कोळंब्या टाकीत मोकळ्या सोडणे म्हणजे ‘टाकीत पोहणारी कोळंबी हे अन्न आहे’ हाच धडा माशाला देणे. आता मला पुन्हा असा मासा आणावा लागला तर हे सगळे वळण मी विलगीकरणाच्या टाकीतच पूर्ण करीन आणि मुख्य टाकीत त्याला फक्त चिमट्यातूनच, रोज एकाच जागी खाऊ घालीन. आज माझा मासा आठवड्यातून तीनदा जेवतो: कोळंबी, शिंपल्याचे मांस, माकूल आणि लहान सागरी मासे आलटून-पालटून, अधूनमधून जीवनसत्त्वांच्या द्रावणात भिजवून. एकाच प्रकारच्या अन्नावर, विशेषतः नुसत्या क्रिलवर (कोळंबीसारखे लहान सागरी जीव), त्याला ठेवू नये. रोज पोट भरणेही हिताचे नाही, कारण एका जागी बसून राहणाऱ्या माशाच्या यकृतात चरबी साचते आणि असे मासे बाहेरून धडधाकट दिसत असतानाच अल्पायुषी ठरतात.

एवढे मांस खाणारा प्राणी तेवढाच अमोनियाही सोडतो, आणि लायनफिशच्या तोंडाची भीती बाळगणारे पुष्कळ जण त्याच्या दुसऱ्या टोकाचा विचार करायचे विसरतात. मुरलेल्या टाकीत लाइव्ह रॉकमधील, म्हणजे जिवाणू वसलेल्या सच्छिद्र खडकातील, जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, त्यामुळे अमोनिया शून्यावर राहतो. परंतु नायट्रेट आणि फॉस्फेट साचत जातात. नुसत्या माशांच्या टाकीत ते खपून जाते. प्रवाळांचे तसे नाही. फॉस्फेट वाढले की प्रवाळांचा चुन्याचा सांगाडा घडण्याची क्रिया मंदावते, शैवाल माजते, आणि फांद्यांच्या अक्रोपोरासारख्या नाजूक जातींची रया जाते. मी टाकीच्या मानाने मोठा प्रोटीन स्किमर (पाण्यातील सेंद्रिय कचरा फेसाबरोबर काढून टाकणारे यंत्र) लावला आहे, मुख्य टाकीला जोडलेल्या दुसऱ्या टाकीत (sump) नायट्रेट-फॉस्फेट शोषणारे कीटोमॉर्फा शैवाल वाढवते आणि ठरावीक काळाने त्याची कापणी करते, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलते, आणि वितळवलेल्या अन्नाचे पाणी टाकीत न ओतता निथळून टाकते. खारटपणा 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग क्षार), तापमान 25 ते 26 अंश सेल्सियस, क्षारता (अल्कलिनिटी) 8 ते 9 डीकेएच (ती मोजण्याचे एकक) आणि कॅल्शियम 420 पीपीएमच्या (दशलक्ष भागांत 420 भाग) आसपास राखते. नायट्रेट 10 पीपीएमच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. एवढे करूनही मी अक्रोपोराचा हट्ट सोडला आहे. थोड्या समृद्ध पाण्यात सुखाने राहणारे मऊ प्रवाळ, तसेच झोअँथिड आणि युफिलिया हे प्रवाळवर्गीय जीव माझ्याकडे उत्तम वाढतात, आणि शिकारी माशाच्या टाकीसाठी निवड तीच असावी असे मला वाटते.

खारटपणातील चढउतार माशाला थोडेफार सोसतात. कोळंब्या, अर्चिन आणि तारामासे यांना सोसत नाहीत, कारण त्यांच्या शरीरातील द्रवाचा खारटपणा बहुतांशी बाहेरच्या पाण्याबरोबर बदलतो. नवे जीव मी थेंबाथेंबाने दोन तास तरी टाकीच्या पाण्याची सवय करूनच सोडते.

रोगाच्या वेळी मासे आणि अपृष्ठवंशीय यांच्या गरजा एकमेकांच्या अगदी विरुद्ध जातात. क्रिप्टोकेरियन या परजीवीमुळे माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येतात आणि त्यावर तांब्याचे औषध परिणामकारक ठरते. पण तांबे कोळंब्या, शंख आणि प्रवाळ यांच्यासाठी प्राणघातक आहे. इतकेच नव्हे, तर खडक आणि वाळू तांबे शोषून घेतात आणि पुढे कितीतरी काळ ते पाण्यात सोडत राहतात, त्यामुळे एकदा औषध पडलेली टाकी रीफसाठी भरवशाची राहत नाही. उपचार नेहमी वेगळ्या टाकीत करावेत आणि मुख्य टाकी किमान अडीच महिने माशांविना ठेवावी. परजीवीला यजमान मासा मिळत नाही, तो मरतो, आणि अपृष्ठवंशीय जिवांना मात्र काही होत नाही. लायनफिशबाबत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: या कुळातील मासे अधूनमधून त्वचेवरचा पातळ पापुद्रा टाकतात. अंगावर धुरकट पडदा आल्यासारखा दिसतो, मासा अंग झटकतो, तोंड वासतो, आणि मग तो पापुद्रा तुकड्यांनी सुटून जातो. मी प्रथम हे पाहिले तेव्हा रोग समजून औषधाची बाटली हातात घेतली होती. कोळंबीप्रमाणे मासाही कात टाकतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

धोका उलट दिशेनेही असतो. मोठे कार्पेट ॲनिमोन (एक समुद्रफूल) संथ माशाला पकडून सहज मारू शकते, म्हणून ते मी ठेवलेले नाही. डार्डेनस जातीचे मोठे हर्मिट खेकडे रात्री स्थिर बसलेल्या माशावर चालून जातात. आणि सफाई कोळंबी अन्नाच्या बाबतीत इतकी धीट असते की लायनफिशसमोर धरलेला तुकडा ती चिमट्यावर चढून पळवू पाहते. त्या झटापटीत तीच त्याच्या तोंडासमोर येते. म्हणून जेवणाच्या वेळी मी दुसऱ्या टोकाला कोळंबीला आधी तिचा घास देते, ती त्यात गुंतली की मग माशाकडे वळते.

हातांची काळजी वेगळी. लायनफिशच्या पाठीच्या, पोटाच्या आणि शेपटीजवळच्या परांतील काट्यांत विष असते. टाकीत हात घालण्यापूर्वी तो नेमका कुठे आहे हे पाहिल्याशिवाय मी बाही वर करत नाही, आणि जाळीने त्याला पकडण्याऐवजी डब्यात घेते, कारण जाळीत काटे अडकतात. दंश झालाच तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 40 ते 45 अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. हे विष प्रथिनरूप असल्याने उष्णतेने निष्प्रभ होते. वेदनेने बधिर झालेल्या हाताला पाणी किती गरम आहे हे कळत नाही, त्यामुळे दुसऱ्या कोणीतरी ते तपासावे, आणि डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

मासा नकोसा झाला म्हणून समुद्रात सोडण्याचा विचार कोणाच्याही मनात येऊ नये. हिंदी आणि प्रशांत महासागरांतील मोठे लायनफिश 1985 साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ प्रथम दिसले, ते बहुधा मत्स्यालयांतून सुटलेले किंवा सोडलेले असावेत असे मानले जाते. आणि पुढे ते कॅरिबियनभर पसरले. बहामामधील लहान प्रवाळखडकांवर केलेल्या एका अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले, लायनफिश असलेल्या खडकांवर नव्याने येणाऱ्या स्थानिक माशांची भर पाच आठवड्यांत सरासरी 79 टक्क्यांनी घटलेली आढळली. एका टाकीत चार कोळंब्या नाहीशा होताना मी जे पाहिले, तेच तिथे अख्ख्या समुद्राच्या मापाने घडले.

आज सकाळी पुन्हा कात पडली होती. दुपारी चार वाजता मी माशाला शिंपल्याच्या मांसाचे तीन तुकडे दिले. चौथा त्याने तोंडात घेऊन सोडला आणि तो वाळूतून वर आलेल्या नासेरियसांनी नेला. निळे दिवे लागल्यावर लायनफिश आपल्या दगडाखाली उलटा लटकला. कोळंबीच्या कपारीतून फक्त मिशांची दोन पांढरी टोके बाहेर दिसत आहेत.